‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण पाहिला? शक्य नाही

3 मे, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्याचा दिवस, जवळ आला की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर हमखास फिरतो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आता पूर्ण पाहायला मिळतो, तो 40 मिनिटांचा आहे, फाळक्यांनी तो एकट्याने केला आणि पुरुषाला राणी करायची प्रथाही त्यांनीच पाडली, असं त्यात असतं. यातलं एकही विधान टिकत नाही.

पूर्ण चित्रपट: 1913 चा मूकपट 4 रिळांचा, 3700 फुटांचा होता. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, मिळून 1475 फूट. मधली कथाच गेली. त्यातही, उरलेला भाग 1917 च्या फाळक्यांच्याच पुनर्निर्मितीचा असावा, असं काही अभ्यासक मानतात. शाळेत किंवा मंडळात दाखवताना ‘उपलब्ध अंश’ असंच लिहावं.

40 मिनिटं: हा हिशेब बोलपटाच्या वेगाने केलेला आहे. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) मावतात. बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. त्या वेगाने 3700 फूट 41 मिनिटांत संपतात. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, वेग साधारण 16 चा. म्हणजे सेकंदाला एक फूट, आणि अख्खा चित्रपट तासाच्या थोडा वर. उरलेले 1475 फूट 16 च्या वेगाने साडेचोवीस मिनिटं चालतात, 24 च्या वेगाने साधारण साडेसोळा. मोबाइलवर पात्रं तुरुतुरु धावताना दिसली तर वेग 0.75 वर आणा. चाल लगेच माणसासारखी होते. राणी तारामतीचं काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांचा अभिनय या घाईत हकनाक हास्यास्पद ठरतो, याचं वाईट वाटतं.

एकट्याने: इथे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंवर सरळ अन्याय होतो. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. अंधारात, यंत्रावर भोकं पाडायचं काम त्या करत. एका चौकटीला प्रत्येक काठावर 4 भोकं, म्हणजे फुटाला दोन्ही काठांची मिळून 128. पडद्यावर आलेल्या 3700 फुटांचीच 4,73,600 होतात. वाया गेलेली फिल्म वेगळीच. एक भोक जरी सरकलं तरी फिल्म यंत्राच्या दात्यांवर नीट बसत नाही, चित्र पडद्यावर थरथरतं, फिल्म फाटते. हे काम ‘घरच्यांची साथ’ म्हणून एका शब्दात उरकण्यासारखं नाही.

पुरुष राणी: हे निदान सांगलीकरांनी तरी पुढे पाठवू नये. 1843 मध्ये इथेच विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी बहुतेक पुरुषच होते. फाळक्यांनी बायका शोधल्या, जाहिराती दिल्या. कोणी टिकेना, म्हणून साळुंके आले. फाळक्यांच्याच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.