हातमोजे घालून गाठ मारा

आमचं काम इन्स्ट्रक्शनल डिझाईनचं, म्हणजे कंपन्यांसाठी ट्रेनिंगचे ऑनलाइन कोर्स बनवायचे, आणि हे सोलापुरात इतक्या जणांना सांगून झालंय की आता मी नुसतं "कॉम्प्युटरवर असतंय" म्हणतो आणि विषय संपवतो. साहेबांचं फर्मान निघालं, सगळ्यांना एआय वापरायचा कॉन्फिडन्स आला पाहिजे, आणि तो आणायचा मी. ऐन मे महिन्यात. एसी बंद.

चॅटजीपीटी 2022 च्या नोव्हेंबरात आलं, पण श्रीनूअण्णा अजून त्याच्याशी बोलायच्या आधी वहीत कच्चं लिहून काढतात. "कृपया, आपणास सवड असल्यास." उलट आमचा विक्या, त्याला कॉन्फिडन्स जरा कमी करायच्या गोळ्या द्यायला पाहिजेत. पठ्ठ्याने चहा गार व्हायच्या आत अख्खी क्विझ पाडली, आणि प्रत्येक प्रश्नात सगळ्यात लांबलचक ऑप्शन तेच बरोबर, म्हणजे कामगाराने प्रश्न न वाचता नुसती पट्टी लावली तरी पैकीच्या पैकी.

जोशी मॅडम रिटायर्ड शिक्षिका. एआयने लिहिलं, "कोर्सनंतर कामगारांना सुरक्षेचे महत्त्व समजेल." मॅडमनी चष्मा वर केला. "समजेल म्हणजे? मोजणार कसं?" ब्लूमची टॅक्सॉनॉमी, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांची पायरीवार वर्गवारी, 1956 ची, 2001 मध्ये सुधारून झाली, बीएडला घोकून घेतात, आणि या मशीनला तेवढंही नको? मग "मशीन बंद करून दाखवेल" असं लिहून घेतलं तेव्हा कुठे सोडलं.

कोर्स होता पॉवरलूमच्या सेफ्टीचा. एआयने छान लिहिलं, तुटलेला धागा जोडताना हातमोजे घाला. अण्णांनी वही मिटली.

"काय बे, हातमोजे घालून गाठ कशी मारणार? आणि फिरत्या पुलीत तो मोजा अडकला की हातच आत! कानाचं तर लिहिलंच नाही. माझा बाप जन्मभर लूमवर होता, आता तो टीव्ही लावतो आणि बातम्या मागच्या गल्लीला ऐकू जातात."

हे सगळं त्यांनी तस्संच टाइप केलं, कृपया वगैरे काही नाही. उत्तर आलं, "तुम्ही अगदी बरोबर आहात." अण्णा गप्प. परत वाचलं, मला बोलावून वाचायला लावलं, स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला (लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांना कुणी म्हणलं नव्हतं म्हणे). मग त्यांना शंका आली म्हणून मुद्दाम दडपून सांगितलं की हातमोज्याने गाठ चांगली बसते. परत तेच, अगदी बरोबर आहात!

"हे तर साहेबांसमोरच्या विक्यासारखं आहे बे."

तेव्हापासून अण्णा त्याला झाप झाप झापतात, चार चार वेळा परत लिहायला लावतात, आणि कोर्स खरंच बरे व्हायला लागलेत. साहेबांनी खुश होऊन वर पाठवायचा रिपोर्ट केला, "या उपक्रमामुळे टीमला एआयचे महत्त्व समजले." मॅडमनी "समजले" खाली लाल रेघ मारून परत पाठवलाय.