"आधी कंपनीचा स्टिरिओ काढून फेका" हा सल्ला कमी बजेटवाल्यांनी अजिबात ऐकू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा, की कंपनीचा साउंड म्हणजे भंगार, त्यामुळे पहिलं काम म्हणजे स्टिरिओ काढून अँड्रॉइड स्क्रीन बसवा कारण त्यात ५० वॉट गुणिले ४ (म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट) मिळतात, मग चारही दरवाजांत जास्तीत जास्त वॉटचे फोर-वे स्पीकर टाका, डिकीत १००० वॉटचा बेसट्यूब (नळीच्या आकाराच्या खोक्यातला बेसचा स्पीकर) टाका, डॅम्पिंगवर (दरवाजाच्या पत्र्याला शीट चिकटवून त्याचं घुमणं थांबवण्यावर) एक रुपया घालू नका कारण ते दुकानदारांचं खूळ आहे, वायर कापून जोडली तरी काही फरक पडत नाही, आणि हे सगळं करायला खिशात तीस-चाळीस हजार नसतील तर आवाजाच्या नादालाच लागू नका.

हे वाचून मला मनापासून राग येतो, कारण याच्यावर विश्वास ठेवणारे लोक म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेनवाले, गाडीचा हप्ता भरून जे आठ-दहा हजार बाजूला पडतात त्यात गाणी जरा नीट ऐकू यावीत एवढीच ज्यांची इच्छा आहे असे. त्यांचे पैसे नेमके चुकीच्या जागी जातात. माझं म्हणणं एकच आहे, बजेट कमी असेल तर पैसा आधी पुढच्या दोन दरवाजांत घाला, स्टिरिओ सगळ्यात शेवटी. आता एकेक मुद्दा घेतो.

"स्टिरिओ बदलल्याशिवाय आवाज सुधरत नाही, नवीन स्क्रीनमध्ये ५० गुणिले ४ वॉट असतात."

गाडी चालू असताना स्टिरिओला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, त्याच्यावर नाही. आतला ॲम्प (सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा भाग) ब्रिज पद्धतीचा असतो, म्हणजे स्पीकरवर जास्तीत जास्त तेवढेच १४.४ व्होल्ट टाकू शकतो. ४ ओहमच्या स्पीकरवर स्वच्छ लाट काढली तर गणित येतं जेमतेम २६ वॉट, आणि चिपमधलं नुकसान वजा केलं की हातात उरतात १८ ते २० वॉट. मग ५० कुठून आले? १४.४ चा वर्ग केला, ४ ने भागला, की ५१.८ येतात. म्हणजे लाटेचं डोकं पूर्ण सपाट कापलं गेलं, आवाज फाटला, तेव्हाचा हा आकडा आहे! तो आवाज कोणी ऐकत नाही, ऐकायचाही नसतो. स्वस्त स्क्रीनमध्ये खूप ठिकाणी सापडणारी टीडीए ७३८८ ही चिप घ्या, तिच्या डेटाशीटवर मोठ्या अक्षरात ४५ गुणिले ४ लिहिलंय आणि खाली त्याच कागदावर १४.४ व्होल्टला १० टक्के डिस्टॉर्शन धरून २६ वॉट लिहिलंय. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे कानाला सरळ कळतं असं फाटणं.

आता कंपनीच्या स्टिरिओत काय असतं? याच जातीची चिप, तेवढेच १८-२० वॉट. मग दहा-बारा हजार देऊन स्क्रीन बदलल्यावर आवाजात नक्की काय बदललं? मोठी स्क्रीन, मॅप, कॅमेरा हवा म्हणून बदलत असाल तर खुशाल बदला, ती वेगळी गरज आहे. पण आवाजासाठी नका बदलू, वर स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा नीट चालेल याची खात्री करून घ्यायला लागते ते वेगळंच.

आणि पुढे कधी ॲम्प लावायचा झाला तरी कंपनीचा स्टिरिओ आडवा येत नाही. हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या, तो थेट स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल उचलतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक "ॲम्प लावायचाय म्हणून" स्टिरिओ बदलतात.

"वॉट जास्त तेवढा आवाज भारी."

पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. स्पीकरच्या खोक्यावर "३५० वॉट" असं ठळक छापलेलं असतं, तो कमाल आकडा आहे, स्पीकर क्षणभर किती सहन करेल त्याचा, तो किती वाजेल याचा नाही. तुमच्या स्टिरिओतून जाणारे १८ वॉट त्या ३५०चं काय करणार? बघायचा आकडा वेगळाच असतो आणि तो बारीक अक्षरात खोक्याच्या बाजूला असतो, सेन्सिटिव्हिटी. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ८८ वाला आणि ९१ वाला असे दोन स्पीकर समोर असतील तर ९१ वाला अर्ध्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज देतो, म्हणजे कंपनीच्या स्टिरिओवर लावायला तोच बरा. दुकानात वॉट विचारण्याऐवजी आरएमएस (म्हणजे सलग सहन होणारे वॉट) किती आणि सेन्सिटिव्हिटी किती एवढे दोनच प्रश्न विचारा, दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनच कळतं की त्याला माल माहितीये का नुसता खपवायचाय.

"चारही दरवाजांत फोर-वे टाका."

फोर-वे म्हणजे एका स्पीकरच्या तोंडावर पट्टी टाकून त्यावर तीन छोटे ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचे स्पीकर, बसवलेले. स्वस्त मालात त्यातले एक-दोन पिझो (क्रिस्टलवर चालणारे स्वस्त ट्वीटर) असतात, ते कर्कश वाजतात, दुकानात पाच मिनिटं ऐकायला "क्लिअर" वाटतात आणि पुणे-कोल्हापूर होईपर्यंत डोकं धरतं. साधा टू-वे कोॲक्सियल (मुख्य स्पीकरच्या मधोमध एकच ट्वीटर) घ्या, चांगल्या कंपनीचा, जोडी साधारण दोन ते साडेतीन हजारात बसते. थोडे जास्त असतील तर कंपोनंट घ्या ज्यात ट्वीटर वेगळा येतो, तो आरशाच्या त्रिकोणात किंवा डॅशवर बसवला की गायकाचा आवाज पायाजवळून न येता समोरून येतो. फरक खूप मोठा आहे.

मागचे स्पीकर? तसेच राहू द्या. आपण पुढे बसतो, आवाज पुढून यायला हवा. स्टिरिओमधला फेडर (पुढचा-मागचा आवाज कमी-जास्त करायची सेटिंग) दोन-तीन घरं पुढे सरकवा, मागे बसलेल्यांना पुरेसं ऐकू येतं. चार स्पीकरचे पैसे एका चांगल्या जोडीत घाला, एवढं साधं आहे.

आणि एक, कंपनीचा स्पीकर कागदाचा असतो म्हणून तो भंगार हेही खरं नाही. कागदाचे कोन महागड्या होम स्पीकरमध्येही असतात. कंपनीच्या स्पीकरचा प्रॉब्लेम म्हणजे मॅग्नेट लहान, बऱ्याच गाड्यांत ट्वीटरच नाही, आणि फ्रेम पातळ प्लॅस्टिकची. टियागोच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये हरमनचे चार स्पीकर चार ट्वीटर येतात, अशा गाडीवाल्याने तर स्पीकरही लगेच बदलू नयेत, पुढच्या मुद्द्यापासून सुरुवात करावी.

"डॅम्पिंग म्हणजे दुकानदारांचं खूळ."

मेसेजमधलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हे आहे. एकदा स्वतःच्या गाडीचं डोअर पॅड काढून बघाच. दोन-तीन स्क्रू, कडेच्या क्लिपा, आणि पॅड हातात येतं. आत एक पारदर्शक प्लॅस्टिक, काळ्या चिकट गोंदाने डकवलेलं, आणि ते सोललं की पत्र्यात हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी भोकं. त्या भोकांतून आत काच वर-खाली करणारी यंत्रणा दिसते आणि पलीकडे बाहेरचा पातळ पत्रा. त्यावर टिचकी मारा, "टण्ण" असा घुमतो. स्पीकर याच दरवाजात बसलाय, याच भोकांच्या शेजारी.

आता स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा ओढली जाते. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकीच्या उलट असतात, आणि त्या भोकांमधून दोघी भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. उंच सुरांना एवढा फरक पडत नाही पण खालचे सूर, तबल्याचा डग्गा, बेस गिटार, हेच सगळं जातं. म्हणजे तुमचा बेस स्पीकरमध्ये तयार होतोय आणि दरवाजातच मरतोय! यावर उपाय म्हणून डिकीत बेसट्यूब बसवणं म्हणजे गळक्या माठात जास्त पाणी ओतणं.

ब्यूटाइलची (एक प्रकारच्या रबराची) ॲल्युमिनियम फॉइलवाली शीट घ्या. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला स्पीकरच्या मागे आणि मधोमध लावा, पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, तिसरा हिस्सा झाकला तरी घुमणं जातं. आतल्या पत्र्यावरची भोकं त्याच शीटने बंद करा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसा, रोलर फिरवून शीट घट्ट दाबा. दोन पुढच्या दरवाजांना माल साधारण दोन-अडीच हजाराचा लागतो. दरवाजा लावल्यावर पत्र्याचा "ढण्ण" आवाज जाऊन भरीव "थप्प" येतो, ते वेगळं समाधान.

इथे आपल्याकडच्या हवामानाच्या दोन गोष्टी सांगतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो, तिथे स्वस्तातली डांबराची शीट लावली तर वास मारते आणि सुटून खाली घसरते, म्हणून ब्यूटाइलच. आणि कोकणात, घाटात पाऊस असतो तिथे लक्षात ठेवा की दरवाजाच्या आत पाणी जातंच, काचेच्या रबरावरून ओघळतं आणि दरवाजाच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ती तळाची भोकं कोणत्याही परिस्थितीत बुजवायची नाहीत, नाहीतर दरवाजा आतून गंजतो. स्पीकरखाली एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाची) रिंग टाकली तर तीही दोन पावसाळ्यांत फुगते, प्लॅस्टिकची घ्या. रिंग लावायच्या आधी काच पूर्ण खाली करून बघा, मॅग्नेटला लागत नाही ना.

"१००० वॉटचा बेसट्यूब मस्ट."

ट्यूबच्या मागे फ्यूज असतो, तो काढून वाचा. १५ ॲम्पिअरचा असेल तर १५ गुणिले १४.४ म्हणजे २१६ वॉट, ही आत सलग जाऊ शकणारी वीज झाली, बाहेर येणारा आवाज नाही. क्लास एबी ॲम्प असेल तर त्यातली निम्म्याच्या आसपास गरम होण्यातच जाते. राहिले शंभर-सव्वाशे. वाईट नाहीत, पण १०००चे पैसे कशाला द्यायचे? बेस आवडत असेल तर ट्यूब जरूर घ्या, पण दरवाजे झाल्यावर. कितीतरी लोकांना त्यानंतर गरजच वाटत नाही.

घेतलाच, तर बॅटरीपासून येणाऱ्या वायरीवर बॅटरीच्या जवळ, दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज ॲम्पसाठी नाही, वायरसाठी आहे. वायर कुठे पत्र्याला घासून सोलली गेली तर फ्यूज उडेल, नाहीतर गाडी पेटेल. याच्यात काटकसर करू नका. आणि वायर खऱ्या तांब्याची मागा, बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली खूप मिळते, ती तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते.

"वायर कापून जोडली तरी चालते."

कशाला कापायची? पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा, तुमच्या मॉडेलचा कपलर काही शेकड्यांत मिळतो, एका बाजूने कंपनीच्या सॉकेटमध्ये, दुसऱ्या बाजूने नव्या स्पीकरला. गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकलचं काम सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं. पिळून टेप मारलेला जोड उन्हात चिकटपणा सोडतो, पावसात हिरवा पडतो. पिवळ्या कपलरला तर हातच लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

फिटरने प्लस-मायनस उलटं लावलं का हे कसं ओळखायचं? साधा पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. स्टिरिओच्या मागून त्या स्पीकरच्या दोन वायरी मोकळ्या करा, सेलचा प्लस प्लसच्या वायरीला, मायनस मायनसच्या वायरीला, क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर वायरी उलट आहेत. एक बाजू उलटी राहिली तर डावा स्पीकर ढकलतो तेव्हा उजवा ओढतो आणि बेस गायब, आणि मालक बिचारा म्हणतो स्पीकर खराब निघाले.

"तीस-चाळीस हजार नसतील तर नादाला लागू नका."

शून्य रुपयांपासून सुरुवात होते. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवरून करा. इक्वलायझरमध्ये बेस आणि ट्रेबल दोन्ही टोकाला नेलेले असतात ते मध्यावर आणा, कारण १८ वॉटमधले बरेच वॉट त्या वाढवलेल्या बेसमध्ये संपतात आणि मग सगळंच फाटतं. व्हिडिओवरून उतरवलेल्या गाण्यांऐवजी पेन ड्राइव्हमध्ये ३२० केबीपीएसची फाइल टाकून एकदा ऐका. स्टिरिओमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराखालचा बेस अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झला लावा, दरवाजातले स्पीकर मोकळे होतात, फक्त खालचा बेस थोडा कमी होईल.

मग डॅम्पिंग, दोन-अडीच हजार. मग पुढची एक जोडी, दोन ते पाच हजार. रिंगा, कपलर, फिटिंग धरून आठ-दहा हजारात काम होतं आणि तेही एकदम नाही, दोन पगारांत विभागून. पुढच्या वर्षी जमलं तर छोटा फोर-चॅनल ॲम्प. फिटरकडे गेलात तर त्याच्या शेजारी उभे राहा, घाई करू देऊ नका, आणि डोअर पॅड बंद करायच्या आधी तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं लावून दोन्ही दरवाजे तपासून घ्या, कारण पॅड परत काढायचं म्हटलं की क्लिपा तुटतात आणि मग पॅड आयुष्यभर खडखडतं.