कामगाराची सही घेतली म्हणून ओव्हरटाइम बुडत नाही

परवा रात्री मावसभावाने एक मेसेज पाठवला, ‘नवे कामगार कायदे : मालकांसाठी पाच फायदे’. सोबत ओव्हरटाइम सोडल्याच्या संमतीपत्राचा तयार नमुना, आणि खाली त्याचा प्रश्न : ‘ताई, हे खरं का?’ त्याच्या वर्कशॉपमध्ये तीस माणसं आहेत. सोमवारी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या म्हणून त्याने तीस प्रती छापूनही आणल्या होत्या. मी पगारपत्रकांचं काम करते म्हणून त्याने विचारलं तरी. इतर किती जणांनी न विचारताच सह्या घेतल्या असतील, देव जाणे.

त्या संमतीपत्रापासूनच सुरुवात करते, कारण खरं नुकसान त्यानेच होणार आहे. मेसेज म्हणतो, ‘कामगाराने लेखी दिलं की ओव्हरटाइम देणं बंधनकारक नाही.’ साफ खोटं. नव्या कामगार कायद्यांना ‘संहिता’ म्हणतात; त्यातल्या वेतन संहिता, २०१९ मधलं कलम ६० सांगतं की कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देण्याचा कोणताही करार रद्दबातल. संमती लागते हे खरं, पण ती जादा तास थांबण्यासाठी. थांबला, तर त्या तासांचे पैसे दुपटीनेच द्यायचे. काम करायला दिलेल्या संमतीला मेसेजवाल्याने पैसे सोडण्याची संमती करून टाकलंय.

आणि हे काही नव्या संहितांपुरतं नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला बारा तास काम आणि जादा तासांना दुपटीऐवजी साधाच दर अशी सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळात राबलेल्या कामगारांना ओव्हरटाइम द्यायला लावला. तो निकाल १९४८ च्या कारखाने अधिनियमाखालचा होता, पण दुप्पट दर नव्या संहितेतही तसाच आहे. महामारीत सरकारला जे जमलं नाही, ते वर्कशॉपच्या मालकाला एका झेरॉक्सवर जमेल?

उलट तो कागद मालकाच्याच अंगाशी येतो. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. माणूस जादा तास थांबत होता आणि त्याचे पैसे दिले नाहीत, हे त्या कागदावर मालकाने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं! कमी वेतन दिल्याचा दंड ५० हजारांपर्यंत, पाच वर्षांत पुन्हा सापडलात तर तुरुंगाचीही तरतूद आहे.

आता मेसेजमधले बाकीचे चार ‘फायदे’. ‘आता बारा तासांची पाळी कायदेशीर.’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. पण आठवड्याचे ४८ तास तसेच राहिले. रोज बारा घेतले तर चार दिवसांतच आठवडा संपतो. हे वाक्य मेसेजमधून नेमकं गाळलंय.

‘मासिक पगारवाल्याला ओव्हरटाइम नाही.’ पगार महिन्याचा की रोजाचा, याने काही ठरत नाही. व्यवस्थापक आणि महिना १८ हजारांवर पगार घेणारा सुपरवायझर ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत, एवढंच खरं. तिथेही हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात. मशिनवर उभ्या असलेल्या माणसाला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं म्हणून तो व्यवस्थापक होत नाही.

‘पंधरा मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट.’ गैरहजेरीची कपात जेवढा वेळ गेला तेवढ्याच प्रमाणात.

‘रोखीने दिलं की नोंद नको.’ नोंदवही आणि पगाराची पावती लागतेच, पैसे कसेही द्या.

भावाला रात्रीच फोन करून हे सगळं सांगितलं. आधी चिडला, ‘मग छोट्याने धंदा करायचा कसा?’ म्हणाला. त्याला त्याच्याच माणसाचा हिशेब करून दाखवला : २०,८०० पगार, भागिले २६ दिवस, भागिले आठ तास, म्हणजे तासाला १००. जादा तासाचे २००. रोज दोन तास थांबवायचं असेल तर त्याचे ४०० ऑर्डरचा दर ठरवतानाच धरायला हवेत. दर कमी लावून ते कामगाराच्या खिशातून काढायचे नाहीत.

सोमवारी सह्या झाल्या नाहीत. हजेरीपत्रकं माझ्याकडे आली आहेत, गेल्या तीन महिन्यांचे जादा तास काढतेय.