«सरडा मागितला, पाल गळ्यात मारली» या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. ह्यूस्टनमधली बरीच मराठी मंडळी आमच्या दुकानात येतात, त्यांच्याही उपयोगी पडेल. तुमचं म्हणणं असं: आठ वर्षांच्या मुलासाठी झाडावर राहणारा छोटा हिरवा सरडा हवा होता, म्हणजे ॲनोल, आणि तो स्वस्तही असतो. मी तो दिला नाही, त्याच्या कितीतरी पट महागाची क्रेस्टेड गेको दिली. ती दिवसभर पानाआड झोपून असते. तीन आठवड्यांत तिची शेपटी तुटली आणि आम्ही पैसे परत द्यायला नकार दिला. सासूबाई म्हणतात ही तर चक्क पाल आहे. आणि शेवटी, आता हिला मागच्या अंगणात सोडून देणार.

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. ताई, हात जोडून सांगतो, तिला बाहेर सोडू नका. क्रेस्टेड गेको प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. 24-25 अंश सेल्सिअसमध्ये ती सुखात असते, 28 च्या वर गेलं की तिचे हाल सुरू होतात. आपल्याकडे ऑगस्टची दुपार 35 च्या पुढे असते. 2024 च्या जुलैत बेरिल वादळानंतर दुकानात वीज नव्हती, तेव्हा पाण्याच्या बाटल्या गोठवून आणून एकेका डब्याशेजारी ठेवल्या आणि रात्रंदिवस थर्मामीटर बघत बसलो. सगळ्या वाचल्या. तुमचीही त्यातलीच एक आहे.

आता सासूबाईंचं. त्या बरोबर आहेत. गेको म्हणजे पालच. ज्या घरात पाल अंगावर पडली की लगेच आंघोळ करायची रीत आहे, तिथे ही गोष्ट घरी नेण्याआधी स्पष्ट सांगायला हवी होती. मी «गेको, गेको» म्हणत राहिलो. त्याबद्दल सासूबाईंची माफी मागतो.

ॲनोल का दिला नाही, तेही सांगतो. त्या दिवशी तुम्ही दोन गोष्टी ठामपणे सांगितल्यात: घरात जिवंत किडे चालणार नाहीत, आणि मुलाला प्राणी हातावर घ्यायचाय. ॲनोलला नेमक्या याच दोन गोष्टी जमत नाहीत. तो हलणारा किडाच खातो, म्हणजे कॅल्शियमची पूड लावलेले छोटे क्रिकेट, म्हणजे जिवंत रातकिडे, घरात ठेवावेच लागतात. वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानांवर फवारलेले थेंब चाटतो. ऊन खायला 30 अंशांच्या आसपासची जागा लागते आणि अतिनील किरणांची ट्यूब लागते. तो दिवा दिसायला चालू असला तरी किरण कमी होत जातात, म्हणून ठरावीक महिन्यांनी बदलावाच लागतो. सरडा काही डॉलरचा, पण त्याचा संसार त्याच्या कितीतरी पट. वर हात लावला की तो घाबरून तपकिरी पडतो. शिवाय बाजारातले बहुतेक ॲनोल रानातून पकडून आणलेले असतात, पुष्कळदा पोटात जंत घेऊनच. ते दुकानात ठेवायला माझं मन घेत नाही.

क्रेस्टेड गेकोचं तसं नाही. ही जात नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते, 1994 मध्ये ती पुन्हा सापडली. आज विकल्या जातात त्या माणसांकडेच अंड्यातून निघालेल्या. फळांची तयार पूड पाण्यात कालवून रात्री ठेवली, सकाळी वाटी धुतली, की जेवण झालं. एसीतल्या घरात वेगळा हीटर लागत नाही. हातावर ती शांत बसते, मग एका हातावरून दुसऱ्या हातावर जाते, मधेच जीभ काढून स्वतःचा डोळा पुसते, कारण तिला पापण्याच नाहीत. तुमच्या मुलाने दुकानात हे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता, मला अजून आठवतंय.

पण एक प्रश्न मी विचारलाच नाही: मुलगा झोपतो किती वाजता? क्रेस्टेड गेको अंधार पडल्यावर जागी होते. सध्या आठच्या सुमारास दिवस मावळतो, शाळा सुरू झाल्यामुळे तो साडेआठला अंथरुणात. म्हणजे त्याच्या वाट्याला झोपलेली पाल आली. ही चूक माझी, तुमची नाही. वीस वर्षं प्राणी विकतोय, मला हे सुचायला हवं होतं.

शेपटीचं मात्र वेगळं आहे. घरातल्या पालीसारखीच हीही घाबरली की शेपटी टाकते. फरक एवढाच की घरातल्या पालीची पुन्हा येते, हिची कधीच येत नाही. जखम आपोआप बंद होते, रक्त फारसं जात नाही, आणि बिनशेपटीची पाल पंधरा वर्षंही जगू शकते. न्यू कॅलेडोनियाच्या रानातल्या मोठ्या पाली बहुतेक अशाच असतात. तेव्हा ती आजारी नव्हती, म्हणून त्या कारणाने पैसे परत करणार नाही. मुलाला रागावू नका. शेपटीला धरायचं नाही हे मी तोंडी सांगितलं होतं, पण इतक्या गडबडीत आठ वर्षांच्या मुलाच्या लक्षात कसं राहणार? तळाची माती काढून दोन आठवडे साधा पेपर टॉवेल अंथरा, तोवर तिला हातात घेऊ नका. आणि धाकटी तीन वर्षांची आहे म्हणालात, तिला हात लावू देऊ नका. अशा प्राण्यांच्या अंगावर असणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त. तोच नियम सासूबाईंच्या वयालाही लागू आहे.

ठेवायची असेल तर काचघर खिडकीपासून लांबच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्या, साध्या एलईडीला टायमर लावा, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. हळूहळू तिची संध्याकाळ अलीकडे येते, सातच्या सुमारास ती फांदीवर दिसू लागते. टायमर मी देतो, पैसे नकोत.

ठेवायची नसेल तर परत आणा. पाल आणि काचघर, दोन्हींचे पूर्ण पैसे देईन, चुकीचा सल्ला माझा होता म्हणून. आणि मुलाला दिवसा हिंडणारा सरडाच बघायचा असेल तर मागच्या कुंपणापाशी सकाळी नऊला थोडा वेळ उभे राहा. हिरवा ॲनोल गळ्याखालचा गुलाबी पडदा फुगवून मान हलवताना दिसेल, तो इथलाच आहे. कधीच हिरवा न होणारा, कायम तपकिरी दिसला तर तो वेगळ्या जातीचा, बाहेरून, क्यूबा-बहामाजकडून आलेला.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सहानंतर मी स्वतः असतो. आणताना झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला पेपर टॉवेल ठेवा, गाडीचा एसी आधी चालू करून गाडी गार होऊ द्या, आणि वाटेत कुठे थांबलात तर तिला गाडीत ठेवून जाऊ नका.