रॅम्पच्या पुढचं बोला

'रॅम्प आणि व्हीलचेअर आल्या, आता दिव्यांगांचं मतदान सुलभ झालं' हे एका लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. मी पूर्ण अंध आहे, पायांनी ठणठणीत! १३ मे २०२४ ला कोथरूडमध्ये मतदानाला गेले, तर केंद्रावरचे साहेब माझ्याशी न बोलता भावाला म्हणाले, "तुम्हीच दाबा ना ह्यांचं बटण." मी ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागितली. शोधाशोध झाली, आणि ती निघाली टेबलाखालच्या पिशवीत, चार घड्या घातलेली. ब्रेलचे ठिपके घडीवर चपटे होतात हो! तरी नावं बोटांना लागली. यंत्रावर बटणाशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतोच, तो चाचपला आणि माझं मत मीच दिलं. भाऊ बाहेर उभा.

मत द्यायला सोबती नेण्याची सोय १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या नियम ४९-एन मध्ये आहे, आणि ज्यांना हवी त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ती सवलत आहे, सक्ती नव्हे. मतदार जागृतीचे फलक आमच्यासाठी लावता (तेही आम्हाला न दिसणारे), त्याऐवजी केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना एवढं एक शिकवा.