‘वर जाता न येणाऱ्या’ लीगमधला हंगाम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराच्या सॅक्रामेंटो रिपब्लिक या फुटबॉल क्लबच्या 2022 च्या हंगामावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे आधी थोडक्यात नोंदवतो. आपण लिहिता की, “ज्या लीगमधून वरच्या श्रेणीत जाताच येत नाही, तिचा हंगाम म्हणजे नुसता वेळ घालवणे.” त्याशिवाय, ओपन कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत मोठे क्लब राखीव खेळाडू उतरवतात म्हणून तिथल्या विजयांना किंमत नाही, अंतिम सामन्यात 3-0 अशी धुलाई झालेल्या संघाचे गोडवे गाणे हास्यास्पद आहे, आणि माझ्या लेखात लीगमधल्या सामन्यांविषयी जवळजवळ काहीच नाही, असेही आपले आक्षेप आहेत. शेवटी आपण निष्कर्ष काढला आहे: “परदेशात राहणाऱ्यांना कुठेतरी आपलेपणा हवा असतो, म्हणून ते कुठलाही फुटकळ क्लब डोक्यावर घेतात.”

लीगविषयीचा आक्षेप मला मान्य आहे. यूएसएल चॅम्पियनशिपमधले, म्हणजे अमेरिकेतल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधले, साखळीचे 34 सामने मी दोन-चार वाक्यांत आटोपले. त्या वर्षी संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीपर्यंत, पोहोचला आणि लीगचे विजेतेपद सॅन अँटोनियोने मिळवले, एवढ्यावर मी थांबलो. लेख कपच्या वाटचालीवर होता, तरीही हा भाग थोडा विस्ताराने यायला हवा होता असे आपल्याला वाटले, तर त्यात गैर काही नाही.

मात्र शेवटच्या वाक्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लेखाशी मतभेद असणे हा आपला हक्क आहे. लिहिणारा कुठे राहतो यावरून त्याच्या आवडीचे निदान करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? मी कोल्हापूरचा आहे. माझे शालेय जीवन शिवाजी पेठेत गेले आणि शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर मी फुटबॉल पाहायला शिकलो. पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की पेठेतली दुकाने लवकर बंद होत, घराघरांत दोन तट पडत आणि हरलेल्या बाजूच्या माणसाला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उभे राहणे कठीण होई. तो सामना जिंकून कोणत्याही संघासाठी राष्ट्रीय लीगचे दार उघडत नव्हते, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही टायब्रेकरच्या वेळी माझ्या वडिलांचे हात थरथरत. आपल्या व्याख्येप्रमाणे ते सगळे वेळ घालवत होते काय? आपण अनेक वर्षे रात्री जागून इंग्लंडचे सामने पाहता असे आपण लिहिले आहे, आणि त्या आवडीचा मी आदर करतो. पण दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या फुटबॉलवरून गावाच्या फुटबॉलची किंमत ठरवू नये, एवढे सांगण्याइतके आयुष्य मी मैदानाच्या कडेला नक्कीच घालवले आहे.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे येतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य सर्वांत जास्त दिशाभूल करते. अमेरिकेत 2022 मध्ये पदोन्नती आणि पदावनती नव्हती, हे खरे. दुसऱ्या श्रेणीतला क्लब सगळे सामने जिंकला तरी तो मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, जात नसे. तिथे जाण्यासाठी लीगने निवड करावी लागते आणि मालकाने प्रवेशशुल्क भरावे लागते. सिनसिनाटीचा क्लब 2019 मध्ये वर गेला तो अशाच निवडीने आणि शुल्काने. 2018 मध्ये तो यूएसएलच्या गुणतक्त्यात अव्वल होता, पण त्याची निवड तो हंगाम संपण्यापूर्वीच जाहीर झाली होती. इथपर्यंत आपल्यात मतभेद नाही. आपण यावरून जो निष्कर्ष काढता, तो मात्र सॅक्रामेंटोचा इतिहास एकदाही न वाचता काढलेला आहे.

हा इतिहास मी मूळ लेखात दिला होता. आपण तो भाग वगळून पुढे गेलात असे दिसते, म्हणून पुन्हा लिहितो. रिपब्लिकने पहिला हंगाम 2014 मध्ये खेळला आणि पहिल्याच वर्षी हॅरिसबर्गला 2-0 असे हरवून लीग जिंकली. तेव्हापासून या शहराचा एकच ध्यास होता: मेजर लीग सॉकर. ऑक्टोबर 2019 मध्ये ते घडलेही. आयुक्त डॉन गार्बर यांनी सॅक्रामेंटोला प्रवेश दिल्याचे जाहीर केले, शुल्क 20 कोटी डॉलर ठरले, 2022 हे पदार्पणाचे वर्ष ठरले आणि रेल्वेच्या जुन्या कारखान्यांच्या जागेवर, रेलयार्ड्समध्ये, नवे स्टेडियम उभे राहणार होते. मग महासाथ आली आणि पदार्पण 2023 वर गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये मुख्य गुंतवणूकदार रॉन बर्कल यांनी माघार घेतली आणि सगळे संपले. खेळाडू हरले नव्हते, प्रेक्षक कमी झाले नव्हते, गुणतक्त्याचा तर प्रश्नच नव्हता. एका माणसाने हिशेब केला आणि शहराचे जाहीर झालेले स्थान गेले. त्याच वर्षी संघ प्लेऑफलाही मुकला.

मी इथल्या फॉल्सम उपनगरात राहतो आणि ती बातमी आल्यावर लोकांचे काय झाले ते मी जवळून पाहिले आहे. ज्या शहराने 2013 मध्ये आपला बास्केटबॉल संघ, किंग्ज, सिअॅटलला जाता जाता वाचवला होता, त्या शहराला ‘तुम्ही पुरेसे मोठे नाही’ हे ऐकण्याची सवय होती. माझ्या कार्यालयातला एक सहकारी पहिल्या हंगामापासून तिकीटधारक होता. त्याने 2022 चे तिकीट घेऊ नये असे ठरवले होते आणि शेवटी मुलीच्या हट्टाखातर घेतले. मूळ लेखातला हंगाम या मनःस्थितीत सुरू झाला. ज्या वर्षी वरच्या श्रेणीत पदार्पण करायचे होते, त्याच वर्षी हा क्लब जत्रेच्या मैदानावरच्या आपल्या जुन्या, तात्पुरत्या बांधणीच्या स्टेडियमवर दुसऱ्या श्रेणीचे सामने खेळत होता. आपण म्हणता की वर जाता येत नसेल तर हंगामाला अर्थ नाही. मी म्हणतो की वर जाण्याचे दार पैशाने बंद केल्यावर मैदानावर शिल्लक असलेले एकमेव दार त्यांनी ठोठावले, आणि म्हणूनच हा हंगाम लिहून ठेवण्याजोगा आहे.

ते दार म्हणजे यू. एस. ओपन कप. ही स्पर्धा 1914 पासूनची आहे आणि तिच्यात हौशी संघापासून मेजर लीगच्या विजेत्यापर्यंत सगळे एकाच सोडतीत येतात. महासाथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये ती झालीच नव्हती. म्हणजे 2022 मध्ये या क्लबला, 2019 नंतर पहिल्यांदाच, मोठ्या क्लबांशी बरोबरीने खेळण्याची संधी मिळाली. प्रशिक्षक मार्क ब्रिग्ज यांच्या संघाने मे महिन्यात सॅन होजे अर्थक्वेक्सला 2-0 असे हरवले. जूनमध्ये त्यांनी तोवर पाच वेळा मेजर लीग जिंकलेल्या लॉस एंजेलिस गॅलक्सीला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवले. आणि 27 जुलैला, राज्याचा वार्षिक मेळा त्याच आवारात भरलेला असताना, चार वेळा हा करंडक जिंकलेला कॅन्सस सिटी उपांत्य सामन्यासाठी इथे आला.

त्या सामन्याविषयी मी लेखात लिहिले ते आपल्याला ‘अतिरंजित’ वाटले. स्टेडियमची क्षमता 11,569 आहे आणि एकही जागा रिकामी नव्हती. टॉवर ब्रिज बटालियन हा समर्थकांचा गट जादा वेळ संपेपर्यंत एकदाही खाली बसला नाही. सामना 0-0 राहिला. पेनल्टींमध्ये गोलरक्षक डॅनी व्हिटिएलोने एक फटका अडवला आणि शेवटचा, निर्णायक फटका रॉड्रिगो लोपेझकडे आला. लोपेझ 2014 च्या विजेत्या संघात होता. त्यानंतर तो इतरत्र खेळला, परत आला आणि त्या रात्री तो 35 वर्षांचा होता. मेजर लीगचे आमिष, घोषणा, माघार, हे सगळे या क्लबच्या वाट्याला आले त्याच्या आधीपासूनचा हा माणूस. त्याने गोल केला, 5-4. मी तिथे होतो. ज्या सहकाऱ्याचा उल्लेख वर केला, तो माझ्या शेजारी उभा राहून रडत होता, आणि त्याला कुठल्याही परदेशात आपलेपणा शोधायचा नव्हता, कारण तो याच शहरात जन्मला आहे. यात अतिरंजित काय आहे ते आपण मला दाखवून द्यावे.

राखीव खेळाडूंचा मुद्दा मला गंभीरपणे घेता येत नाही. कॅन्सस त्या वर्षी लीगमध्ये तळाच्या आसपास चाचपडत होता आणि हा करंडक त्यांच्यासाठी हंगाम वाचवण्याची सर्वांत जवळची वाट होती. बलाढ्य क्लबाने कोणाला खेळवायचे हा त्याचा निर्णय असतो, आणि त्या निर्णयाची किंमत समोरच्या संघाच्या खात्यातून वजा करणे हा कुठला न्याय?

अंतिम सामन्याबाबत आपण ‘धुलाई’ हा शब्द वापरला आहे, त्यावरून आपण सामना पाहिलेला नाही असे मी समजतो. 7 सप्टेंबरला ऑर्लँडोत, पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, 75 व्या मिनिटापर्यंत गोलफलक 0-0 होता. तिथे ऑर्लँडोच्या फाकुंडो टोरेसने पहिला गोल केला, पाच मिनिटांनी पेनल्टीवर दुसरा केला आणि तिसरा भरपाईच्या वेळेत झाला, जेव्हा सॅक्रामेंटोचे सगळे खेळाडू बरोबरीसाठी पुढे गेले होते. ऑर्लँडो जिंकले ते योग्यच होते, हे मी मूळ लेखातही लिहिले आहे. पण 2008 मध्ये चार्ल्स्टन बॅटरी अंतिम फेरीत गेल्यानंतर मेजर लीगबाहेरचा एकही क्लब तिथवर पोहोचला नव्हता, आणि त्या लीगला बाजूला सारून करंडक जिंकणारा शेवटचा क्लब 1999 चा रोचेस्टर होता, हे आकडे माझे नाहीत, नोंदींतले आहेत. मेजर लीगच्या तीन संघांना हरवून अंतिम फेरी गाठणाऱ्या क्लबाला ‘फुटकळ’ म्हणण्याआधी आपण ते एकदा पाहिले असते तर बरे झाले असते.

आपल्या वाक्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे व्यवस्था सदोष आहे याविषयी, मी आपल्यापेक्षा जास्त कडवट आहे. सॅन डिएगोत लॉयल नावाचा दुसऱ्या श्रेणीचा क्लब होता. 2023 मध्ये त्या शहराला मेजर लीगने 50 कोटी डॉलरच्या शुल्कावर वेगळ्याच मालकांचा नवा क्लब दिला आणि लॉयल त्याच हंगामाच्या शेवटी बंद झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेजर लीगने आपले मुख्य संघ ओपन कपमधून काढून घेण्याचे ठरवले. अमेरिकी महासंघाने आडकाठी केल्यावरही 2024 मध्ये त्यांचे आठच मुख्य संघ खेळले. ज्या स्पर्धेला किंमत नाही असे आपण म्हणता, तिच्यातून बाहेर पडण्याची एवढी घाई मोठ्या क्लबांना का व्हावी, यावर आपण विचार करावा. व्यवस्था बदलावी म्हणून यूएसएलच्या क्लबमालकांनी मार्च 2025 मध्ये आपल्या श्रेणींत पदोन्नती-पदावनती आणण्याच्या बाजूने मतदान केले आहे. ते होईल तेव्हा मी आनंदाने त्यावर लिहीन. पण व्यवस्थेचा दोष तिच्यात खेळणाऱ्या माणसांच्या माथी मारणे मला मान्य नाही. गोव्यातील धेंपो आणि साळगावकर हे क्लब 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना ‘तुमच्या क्लबने आजवर खेळलेले सगळे निरर्थक होते’ असे सांगण्याचे धाडस आपण केले असते का? मडगावात जाऊन सांगून पाहा.

रिपब्लिकविषयी एक माहिती मूळ लेखात नव्हती, ती इथे जोडतो. नोव्हेंबर 2024 मध्ये विल्टन रँचेरिया या इथल्या मूलनिवासी जमातीने क्लबची बहुसंख्य मालकी घेतली आणि रेलयार्ड्समधल्या त्याच जागेवर सुमारे 12,000 आसनांचे, पुढे वाढवता येईल असे स्टेडियम बांधण्याची योजना जाहीर झाली. मेजर लीगच्या परवान्याची वाट न पाहता.

लीगमधल्या 34 सामन्यांवर मी स्वतंत्र लेख लिहितो आहे. ती आपली मागणी रास्त होती. त्यावर आपली टीका अवश्य येऊ द्या, आणि ती कठोर असली तरी मी उत्तर देईन. मी कुठे राहतो आणि त्यामुळे मला काय हवे असते, याविषयीचे निष्कर्ष मात्र पुन्हा आले, तर त्यांना उत्तर मिळणार नाही.