सोळा हाका

आज सकाळी साडेदहाला सगळ्या ऑफिसला एक मेल आला. विषय: 'सतर्कतेबद्दल अभिनंदन'. रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी 'आयटी विभागातील कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या अज्ञात इसमाचा' डाव उधळून लावला, म्हणून त्यांचं जाहीर कौतुक. सोबत त्यांच्या वहीतल्या नोंदीचा फोटो: 'रात्रौ ११.४० वा. इसमाचा फोन. आवाज ओळखीचा वाटला, त्यामुळे जास्त संशय आला.'

तो अज्ञात इसम मी.

सगळ्यांना खुलासा पाठवावा असं मला तीनदा वाटलं. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. कसाही लिहिला तरी तो बतावणी करणाऱ्या इसमानेच लिहिल्यासारखा वाटत होता.

झालं ते असं. आमच्याकडे ३८ कॉम्प्युटर आणि त्यांचा सांभाळ करणारा मी एकटा. अपडेट दिवसा टाकले तर लोक ओरडतात, म्हणून रात्री टाकायचे. रात्री मशीन बंद असतात, म्हणून ते आधी उठवायचे. मी घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी वाटेने, ऑफिसच्या सर्व्हरवर जातो, तिथून लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवर, हाक मारतो आणि मशीन एकेक करून जागे होतात. परवा रात्री ३७ जागे झाले. सतरा नंबर झाला नाही.

या हाकेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ऑफिसात कोणी कधी विचारलेलं नाही. तिचं नाव मॅजिक पॅकेट. १९९५ साली एएमडी आणि एचपी यांनी ही कल्पना मांडली, पुढे आयबीएम आणि इंटेल यांनी तिला 'वेक ऑन लॅन' म्हणून बाजारात आणलं. नाव जादूचं असलं तरी आत काही जादू नाही. आधी एफएफ, एफएफ असं सहा वेळा, म्हणजे आपल्या भाषेत 'अहो, अहो, अहो'. मग त्या मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचं नाव म्हणून दिलेला नंबर, सलग सोळा वेळा. सगळे मिळून १०२ बाइट. कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लाय पाच व्होल्टची एक बारीक धार चालू ठेवतो. त्या धारेवर नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवून पडलेलं असतं आणि आपलं नाव सोळा वेळा ऐकू आलं की मदरबोर्डला हलवून उठवतं. पंधरा वेळा ऐकू आलं तर हलत नाही. नियम म्हणजे नियम.

त्यातली खरी दुष्ट गोष्ट अशी की या हाकेला ओ मिळत नाही. तशी सोयच नाही. हाक मारायची आणि वाट बघायची. मशीन उठलं तर थोड्या वेळाने पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या विचारणेला, उत्तर देतं. नाही उठलं तर ते ऐकून पडून राहिलंय, ऐकूच आलं नाही की जाग्यावरच नाही, कळायला मार्ग नाही. कुंभकर्ण परवडला. तो निदान घोरायचा, आहे कुठे ते तरी कळायचं.

आणि ही हाक बहुतेक वेळा पाठवतात नऊ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या नेटवर्कच्या नऊ नंबरच्या दारावर. हे पोर्ट मुळात ठेवलंय कशासाठी? येईल ते न वाचता फेकून देण्यासाठी. नावच 'डिस्कार्ड'. कार्डाला पोर्टशी देणंघेणं नसतं, ते फक्त आपलं नाव शोधतं, म्हणून चालून जातं. पण 'मशीन रात्री चालू ठेवा' म्हणून मी जे मेल पाठवतो, तेही याच पोर्टवर जात असावेत असा माझा जुना संशय आहे.

तर सतरा नंबर. हाक मारली. पुन्हा मारली. दहा मिनिटांत मी त्याला सोळा गुणिले चाळीस वेळा नावाने पुकारलं असेल. फास्ट स्टार्टअप मीच बंद केलं होतं. (विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अर्धवट झोपेतून हाकेने उठत नाही. त्यामुळे ही सोय दिसली की मी आधी तिची मान मुरगळतो.) बायोसमधलं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधलं, वीजबचतीचं सेटिंगही मीच काढलं होतं. राहिली एकच शंका, की मागचा दिवा लागलाय की नाही. नेटवर्कच्या केबलपाशी तो इवलासा हिरवा दिवा असतो. तो लागला असेल तर कार्ड जिवंत. ते बघायला माणूस हवा, आणि त्या वेळी त्या इमारतीत एकच माणूस होता.

"हॅलो काका, मी आयटीतून बोलतोय."

"आयटीत कोणी नाही. मी स्वतः कुलूप लावलंय."

"म्हणजे मी घरून बोलतोय. आयटीतला मी."

"घरून बोलताय का आयटीतून, एक काय ते सांगा."

"घरून."

"मग आधी आयटीतून का म्हणालात?" आणि पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज.

इथे मला माझंच पाप आठवायला हवं होतं. दोन महिन्यांपूर्वी हिशेबाच्या मॅडम रजेवर आहेत असं समजून मी भर दुपारी रिमोट डेस्कटॉपने त्यांच्या मशीनमध्ये शिरलो. विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी एकच बिऱ्हाड राहू शकतं. दुसरा आला की पहिल्याला बाहेर जावं लागतं. आधी परवानगी विचारणारी चौकट येते, पण मॅडम फोनवर बोलत होत्या. चौकट आली, वाट बघून गेली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनला कुलूप लागलं. "माझ्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी शिरलंय!" ही किंकाळी वरच्या मजल्यावर मलाही ऐकू आली. त्यावर उपाय म्हणून वरून फर्मान निघालं की सगळ्यांना सायबर जागरूकतेचं प्रशिक्षण द्यावं. दिलं कोणी? शिरणाऱ्यानेच. शिवाय सहा मुद्द्यांचं पोस्टर केलं. त्याची एक प्रत गेटवरच्या टेबलाच्या मागे लावली, कारण तिथली भिंत रिकामी होती.

"काका, माझा आवाज ओळखत नाही का? रोज सकाळी नमस्कार करतो मी तुम्हाला."

"आवाज तर अगदी तसाच आहे. तीच तर भीती. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आयटीच्या साहेबांनी."

"अहो, तो मीच!"

"तुम्ही ते आहात का, तेच तर बघायचंय."

मी म्हटलं, काका, वेळ जातोय, तीन तासांचं काम आहे, जरा लवकर करा. काका शांतपणे म्हणाले, "मुद्दा एक. समोरचा घाई करत असेल तर संशय घ्यावा." मी म्हटलं, मी घाई करत नाहीये. माझा आवाज थोडा चढला असेल. "आवाज चढवताय. हा मुद्दा चार असणार." "मुद्दा चार पेनड्राइव्हचा आहे," मी म्हणालो.

क्षणभर शांतता. मग काका, हळूच: "पाठ आहे तुम्हाला. अभ्यास करून फोन केलाय."

मग त्यांनी मुद्दा तीन अमलात आणला: फोन ठेवावा आणि यादीतल्या नंबरावर स्वतः उलट फोन करावा. ठेवला. मी इकडे मोबाइल हातात धरून बसलो. तो वाजेना. पाच मिनिटांनी मीच परत लावला.

"केला होता फोन," काका म्हणाले. "यादीत आयटीचा नंबर आहे त्यावर. वाजला. मला इथपर्यंत ऐकू येत होता. कोणी उचलला नाही."

"कसा उचलणार? मी घरी आहे!"

"तेच म्हणतोय मी. तुम्ही तिथे नाही."

यावर काय बोलणार? यादी मीच केली होती. स्वतःचा मोबाइल नंबर त्यात घातला नव्हता, लोक रात्री-अपरात्री फोन करतात म्हणून.

शेवटी तहाची बोलणी झाली. हात लावणार नाही, पण बघून येतो. 'बघू नका' असं पोस्टरवर कुठे लिहिलेलं नाही. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, किल्ल्या वाजल्या, पावलं लांब गेली. साडेसहा मिनिटं मी गेटवरच्या पंख्याची घरघर ऐकली. पावलं परत आली ती जरा भरभर.

"साहेब, वर सगळे कॉम्प्युटर चालू आहेत. माणूस एक नाही."

'साहेब' म्हणाले म्हणून मला धीर आला. "ते मी चालू केलेत काका."

"घरून?"

"घरून."

"सगळे?"

"सतरा नंबर सोडून सगळे."

"मग तोपण करा ना घरूनच."

मी गप्प. गेली सहा वर्षं मी हेच काम करतोय. तांत्रिक मुलाखतीत इतका अचूक प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"सतरा नंबरच्या मागे हिरवा दिवा दिसला का?" मी मुकाट्याने विचारलं.

"हिरवा नाही, तांबडा. उंदराच्या पोटाखाली."

"तो माऊस शेजारच्या मशीनचा असेल."

"असेल. सतराच्या मागे मिट्ट काळोख आहे. भिंतीवरचं बटणच बंद आहे त्याचं."

बटणच बंद! पाच व्होल्टची धार नाही, कार्डाचा कान नाही, काही नाही. गेला तासभर मी भिंतीला हाका मारत होतो. "काका, दाबा ते बटण! फक्त दाबा!"

"दाबा म्हणालात," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आता खरोखर दुःख होतं. "मुद्दा दोन. फोनवरून कोणी काहीही दाबायला सांगितलं तर दाबू नये. ठेवतो."

पाऊण तासाने मी गेटवर होतो. दुरून कॉम्प्युटर सांभाळण्याच्या कामातला हा भाग जाहिरातीत नसतो. हेल्मेट काढलं तर काका लगबगीने उठले, चेहऱ्यावर अगदी सुटका. "या साहेब, बरं झालं आलात. मघाशी तुमच्या नावाने कोणीतरी सारखं फोन करत होतं."

वर जाऊन सतरा नंबरचं भिंतीवरचं बटण दाबलं. एवढं अंतर तोडून आल्यावर मशीनचं बटण बोटाने दाबायचं माझ्या अगदी जिवावर आलं. तत्त्वाचा प्रश्न होता. आयटीच्या खोलीत गेलो, सर्व्हरवरून पॅकेट सोडलं आणि पळत परत येऊन बघितलं. ढिम्म. मला हे माहीत होतं, म्हणूनच जास्त चीड आली: काही मशीनची वीज पूर्ण तोडली की एकदा नीट सुरू होऊन बंद होईपर्यंत कार्ड कान देत नाही. शेवटी बोटानेच दाबलं. आत कुठेतरी टिक झालं, पंखा गुरगुरला, केबलपाशी नारिंगी ठिपका थरथरला आणि मग हिरवा स्थिर झाला. तो दिवा बघायला मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसलो होतो, डोक्यावर कोणाची तरी पायपुसणी वाळत होती.

तिथूनच भिंतीवरचे दोन कागद दिसले. एक माझा, साध्या प्रिंटरवर काढलेला, चिकटपट्टीचं एक टोक सुटलेलं: 'हे बटण बंद करू नये. आयटी.' त्याच्यावर, लॅमिनेट केलेला, रंगीत, पानाफुलांची किनार असलेला: 'वीज वाचवा! जाताना सर्व बटणे बंद करा. प्रशासन.' सतरा नंबर हिशेबाच्या मॅडमचाच. त्यांना मी आज सकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही वाचले मी. पण तुमचा लॅमिनेट केलेला नव्हता." त्यांचं काही चुकलंय असं मला म्हणता येईना. प्रशासनाला म्हटलं, तर म्हणाले, प्रस्ताव द्या. पाच व्होल्टच्या त्या धारेला लागून लागून वीज लागते किती? एखाद्या वॉटच्या आसपास. ती वाचवायला मी पेट्रोल जाळून आलो, आणि त्याचं बिल मागितलं तर 'काम घरूनच होतं ना?' असं विचारतील. विचारलंय याआधी. ३७ मशीन उठले त्याचा मेल कधी कोणी पाठवलेला नाही. सहा वर्षांत एकही नाही. उठलेलं मशीन कोणाला दिसतच नाही. सकाळी येऊन बसतात, चालू असतं, संपलं.

अपडेट लागायला दोन वाजले. खाली आलो, वहीत नोंद करायची होती. माझ्या नावाच्या बरोबर वरच्या ओळीत तो 'इसम' होता. 'येण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: कॉम्प्युटर चालू करणे.

काकांनी चष्मा पुढे ओढून ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, फार मायेने.

"एवढ्यासाठी कशाला आलात साहेब इतक्या रात्रीचं? एक फोन करायचा. मी दाबलं असतं बटण."